मामांच्या खोक्यातली बेसबॉल कार्डं, पुस्तकं आणि सहीचा बॉल: काय ठेवू, कसं ठेवू?

भुसावळ_जंक्शन (प्रश्न)

नमस्कार मंडळी. अमेरिकेतून कायमचे परत आलेल्या मामांनी त्यांचा बेसबॉलचा सगळा पसारा माझ्या हवाली केलाय. खेळ मला चांगला कळतो, पहाटेच्या मॅचेस नेमाने बघतो. पण संग्रह करणं हे प्रकरण नवीन आहे. खोक्यात असं आहे:

साधारण ९०० कार्डं (खेळाडूंची चित्रं छापलेली), बहुतेक १९८६ ते १९९३ ची. टॉप्स, फ्लीअर, डॉनरस, अप्पर डेक या कंपन्यांची. रबरबँड लावून गठ्ठे केलेले.

तीन जुनी कार्डं, '१९५२ टॉप्स' म्हणून वेगळ्या पाकिटात. त्यात मिकी मँटल या दिग्गज खेळाडूचं कार्ड आहे. आणखी दोन चिमुकली कार्डं, मागे सिगारेटची जाहिरात.

एक बॉल. त्यावर निळ्या शाईत रोबेर्तो क्लेमेंते या जुन्या नामवंत खेळाडूची सही. बॉलवर फीनी हे नावही छापलेलं दिसतं. मामांनी तिकडच्या जुन्या बाजारात घेतला होता.

पुस्तकं वीसेक. 'बॉल फोर', 'बॉइज ऑफ समर', बेसबॉलच्या आकडेवारीचा अभ्यासक बिल जेम्सचे १९८४ आणि १९८६ चे वार्षिक अंक, मॅकमिलनचा जाडजूड आकडेवारीचा कोश, आणि १९७० च्या दशकातली संघांची इयरबुकं.

विकायची घाई नाही, पण काय खरं आणि काय नुसतं जुनं हे कळायला हवं. दुसरं म्हणजे भुसावळचा उन्हाळा सगळ्यांना माहीतच आहे. घर वरच्या मजल्यावर, स्लॅब तापतो. कार्डं लॅमिनेट करून घ्यावीत असं घरचे म्हणताहेत. करू का?

आउटफिल्ड_धुळे

भो, आधी लॅमिनेशनचं डोक्यातून काढा. लॅमिनेशनची फिल्म गरम रोलरमधून कार्डाला कायमची चिकटते, मग ती काढायचा मार्ग नाही. लॅमिनेट केलेल्या कार्डाची संग्राहकाच्या लेखी किंमत शून्य. मँटल खरा निघाला तरी शून्य.

रबरबँड आजच काढा. आपल्याकडच्या उन्हात रबर वितळून कडेला चिकटतं, आणि नाही वितळलं तरी वरच्या-खालच्या कार्डाच्या कडेला खाच पाडतं. चिकटलेलं रबर नखाने ओरबाडू नका, कार्डाचा थर निघतो. सुकू द्या, म्हणजे तुकड्यातुकड्याने गळून पडतं.

आता ९०० कार्डांचं. १९८७ ते १९९३ च्या आसपास कंपन्यांनी इतकी बेसुमार छपाई केली की त्या काळाला संग्राहक कचऱ्याचाच काळ म्हणतात. १९८१ पर्यंत टॉप्सची जवळपास मक्तेदारी होती. कोर्टाच्या निकालानंतर त्या वर्षी फ्लीअर आणि डॉनरस उतरले, १९८९ ला अप्पर डेक आलं, आणि सगळ्यांनी जपून ठेवण्यासाठीच म्हणून कार्डं विकली. सगळ्यांनीच जपली, त्यामुळे दुर्मीळ काहीच राहिलं नाही. यातली ८५०–८७० कार्डं पोरांना खेळायला दिलीत तरी नुकसान नाही. पण देण्यापूर्वी मागचे नंबर बघून एवढी बाजूला काढा:

१९८७ टॉप्स, लाकडी फळीसारखी किनार, नंबर ३२०: बॅरी बाँड्स. १९८९ अप्पर डेक नंबर १: केन ग्रिफी ज्युनिअर, त्या पिढीचं सर्वांत ओळखीचं कार्ड. याच्या नकला आहेत, म्हणून मागच्या बाजूचा छोटा होलोग्राम हलवून बघा. खऱ्यात चित्र बदलतं, नकलीत नुसती चमकी असते. १९८९ फ्लीअर नंबर ६१६: बिली रिपकेन. बॅटच्या मुठीच्या टोकावर एक शिवी लिहिलेली राहून गेली आणि ती तशीच छापली गेली. नंतर कंपनीने काळा चौकोन, खरडपट्टी, पांढरा ठिपका अशा वेगवेगळ्या तऱ्हांनी झाकली. त्यामुळे एकाच नंबरची अनेक रूपं आहेत आणि काही रूपं बाकीच्यांपेक्षा बरीच कमी मिळतात. १९९० टॉप्स नंबर ४१४: फ्रँक थॉमस. पुढच्या बाजूला नाव छापलेलं असेल तर साधं कार्ड, नावाची जागा कोरी असेल तर लगेच पाकिटात घाला. १९९१ टॉप्समध्ये एखाद्या कार्डावर सोनेरी ढाल आणि ताडाचं झाड उठवलेलं आहे का बघा. ती आखाती युद्धाच्या वेळी अमेरिकन सैनिकांसाठी पाठवलेली आवृत्ती. अर्थात साध्या कार्डावर नंतर खोटा शिक्का मारलेली पुष्कळ फिरतात, हेही ध्यानात ठेवा. अप्पर डेकच्या १९९३ च्या 'एसपी' संचात नंबर २७९: डेरेक जीटर. याच्या चमकत्या कडा अगदी सहज उडतात, म्हणून उचलताना कोपरे नाही, लांब कडा धरा.

१९५२ साठी स्टीलची पट्टी घ्या. १९५२ ते १९५६ ची टॉप्स कार्डं मोठी होती, साधारण ६७ बाय ९५ मिमी. आजचा अडीच बाय साडेतीन इंच, म्हणजे ६३.५ बाय ८९ मिमी हा आकार १९५७ पासूनचा. टॉप्सनेच १९८३ मध्ये १९५२ चा संच पुन्हा छापला, तो या लहान आकारात, आणि मागे पुनर्मुद्रण असल्याचं छापलेलं आहे. तुमची कार्डं ८९ मिमी भरली तर पुढचं काही तपासायची गरज नाही.

९५ मिमी भरली तर मात्र दहापट भिंग घ्या. नकली कार्डं बहुतेक स्कॅन करून छापलेली असतात. त्यात नावाची अक्षरं आणि काळ्या रेषा ठिपक्याठिपक्यांनी बनलेल्या दिसतात. मूळ कार्डात चित्र ठिपक्यांचं असतं, पण अक्षरं आणि रेषा भरीव असतात. हा फरक एकदा डोळ्यात बसला की परत चुकत नाही.

मँटलचा नंबर ३११. तिथपासून ४०७ पर्यंतची कार्डं हंगाम संपत आल्यावर बाजारात आली, विकली गेली नाहीत, आणि उरलेली खोकी १९६० मध्ये कंपनीने अटलांटिकमध्ये बुडवली. म्हणून ती महाग. २०२२ च्या ऑगस्टमध्ये एक मँटल १ कोटी २६ लाख डॉलरला गेला, आणि म्हणूनच नकलाही याच्याच सर्वांत जास्त.

सिगारेटवाली चिमुकली कार्डं म्हणजे १९०९–११ चा 'टी २०६' संच असावा. आकार साधारण ३६.५ बाय ६७ मिमी. त्याला सगळ्यात सोपी चाचणी म्हणजे नोटा तपासायचा जांभळा दिवा. जुना कागद त्या उजेडात मळकट, निस्तेज राहतो. नंतरच्या कागदात पांढरेपणासाठी रसायन घालतात, तो निळसर-पांढरा झगमगतो. झगमगला तर विषय संपला. नाही झगमगला तरी लगेच खरा म्हणू नका, जुन्या कागदावर छापणारे ठगही आहेत. पुढच्या नावाची तपकिरी अक्षरं भिंगातून भरीव दिसायला हवीत. होनस वॅगनरचं नाव दिसलं तर इथे फोटो टाकण्याआधी दार लावून घ्या, जगात त्याची पन्नास-साठच कार्डं माहीत आहेत. 😀

अमळनेर_वाचक

मागच्या बाजूला मेणाचा तेलकट डाग असेल तर? जुन्या पाकिटातल्या कार्डांवर असतो.

आउटफिल्ड_धुळे

असतो. टॉप्सची पाकिटं मेणकागदाची होती आणि १९९१ पर्यंत आत च्युइंगमची वडी असायची. मेणाचा डाग नायलॉनच्या जुन्या मोज्याने, दाब न देता, एकाच दिशेने पुसला की बराचसा जातो, पण फक्त गुळगुळीत बाजूचा. खरखरीत पुठ्ठ्यावर च्युइंगमचा तपकिरी डाग मुरलेला असेल तर तो तसाच राहू द्या. पेट्रोल, थिनर, सॅनिटायझर काही लावू नका. रसायन लावलेलं कार्ड ग्रेडिंगवाले (कार्डाचा खरेपणा आणि अवस्था तपासून दर्जा देणाऱ्या कंपन्या) 'बदललेलं' म्हणून परत पाठवतात.

सॉफ्टबॉलवाली_जळगाव

बॉलबद्दल मी लिहिते. सही बघायच्या आधी बॉल वाचायचा असतो. अमेरिकेतल्या मेजर लीग या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलचे नॅशनल लीग आणि अमेरिकन लीग असे दोन भाग आहेत. अधिकृत बॉलवर तीन गोष्टी छापलेल्या असतात: बनवणारी कंपनी, लीगचं नाव, आणि १९९९ पर्यंत त्या लीगच्या अध्यक्षाची छापील सही. २००० पासून दोन्ही लीगचा एकच बॉल झाला आणि त्यावर मेजर लीगच्या प्रमुखाची, म्हणजे कमिशनरची सही येऊ लागली, आधी सीलिग, २०१५ पासून मॅनफ्रेड.

अध्यक्षाच्या नावावरून बॉल कोणत्या वर्षांतला ते ठरतं. नॅशनल लीगमध्ये फ्रिक १९३४ ते ५१, जाइल्स १९५१ ते ६९, फीनी १९७० ते ८६, जियामाटी १९८६ ते ८९, व्हाइट १९८९ ते ९४, कोलमन १९९४ ते ९९. अमेरिकन लीगमध्ये हॅरिज १९३१ ते ५९, क्रोनिन १९५९ ते ७३, मॅकफेल १९७४ ते ८३, बॉबी ब्राउन १९८४ ते ९४, बुडिग १९९४ ते ९९. बेब रूथ ऑगस्ट १९४८ मध्ये गेला. त्यामुळे क्रोनिनच्या बॉलवर रूथची सही असेल तर ती त्याच्या भुतानेच केली. थर्मन मन्सन ऑगस्ट १९७९ मध्ये विमान अपघातात गेला, म्हणजे बॉबी ब्राउनच्या बॉलवर त्याची सही असूच शकत नाही. आश्चर्य वाटेल, पण अशा ढोबळ चुका असलेले बॉल आजही विकले जातात.

क्लेमेंते ३१ डिसेंबर १९७२ ला गेला. निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं विमान समुद्रात कोसळलं. म्हणजे फीनीच्या बॉलवर त्याची सही १९७० ते ७२ या तीनच हंगामांत शक्य आहे. दादा, आता कंपनीचं नाव बघा. नॅशनल लीगचा बॉल १९७६ पर्यंत स्पाल्डिंगचा होता, १९७७ पासून रॉलिंग्जचा. तुमच्या बॉलवर काय आहे?

भुसावळ_जंक्शन

ताई, आत्ता बघितलं. रॉलिंग्ज. अगदी स्पष्ट.

सॉफ्टबॉलवाली_जळगाव

मग सही क्लेमेंतेची नाही. बॉल १९७७ ते ८६ मधला, आणि तो त्याआधी चार-पाच वर्षं गेलेला. यात तज्ज्ञाला पैसे देऊन विचारण्यासारखं काही उरलं नाही.

भिंगाने एकदा सहीची रेघ बघा. छापील किंवा शिक्क्याची सही असेल तर रेघ सगळीकडे सारख्या जाडीची आणि कातड्यावर पसरलेली दिसते. बॉलपेनाची असेल तर कातड्यात बारीक घळ पडलेली असते, सुरुवातीला दाब आणि शेवटाला निमुळती. छापील निघाली तर ते स्मरणिकेचं काम, फसवणूक नव्हे. पेनाची निघाली तर कोणीतरी मुद्दाम केलेली. अमेरिकेत अशा खोट्या सह्यांच्या टोळ्या एफबीआयने १९९० च्या दशकाच्या अखेरीस मोठी मोहीम काढून पकडल्या होत्या. तेव्हा मामांना दोष देऊ नका, भलेभले फसलेत.

बॉल टाकू मात्र नका. फीनीच्या काळातला अधिकृत लीग बॉल म्हणून तो ठेवण्याजोगा आहेच. १९७४ नंतरचा म्हणून गाईच्या कातड्याचा असणार, आधी घोड्याचं कातडं वापरत. शिवण १०८ टाक्यांची, घेर ९ ते सव्वानऊ इंच.

डबी घेताना एक गोष्ट. आपल्याकडे क्रिकेट बॉलसाठीच्या पारदर्शक डब्या मिळतात. क्रिकेटचा बॉल बेसबॉलपेक्षा किंचित लहान असतो, त्यामुळे आतलं माप ७६ मिमीपेक्षा कमी असेल तर बेसबॉल अडकतो आणि काढताना शिवणीला घासतो. सॉफ्टबॉलचा घेर बारा इंच, त्याच्या डबीत बेसबॉल गडगडत राहतो. डबी अ‍ॅक्रिलिकची घ्या.

पुढे कधी खरी सही घ्यायची संधी आली तर निळं साधं बॉलपेन, आणि दोन शिवणी जिथे सर्वांत जवळ येतात त्या अरुंद जागी. मार्करची शाई कातड्यात फुटून पसरते. कार्डावर आणि फोटोवर उलट, तिथे मार्करच बरा. घेतलेली सही हॉलच्या शोकेसमध्ये नको. उन्हाची तिरीप नसली तरी ट्यूबलाइटखाली वर्षानुवर्षं राहिली की निळी शाई राखाडी होते आणि कातडं पिवळं पडतं. विकत घ्यायची असेल तर २००१ पासून मेजर लीग स्वतः होलोग्राम लावते, त्यावरचा क्रमांक त्यांच्या साइटवर टाकून बघता येतो. क्रमांकासमोर येणारं वर्णन वस्तूशी जुळतंय का तेही वाचायचं, कारण स्टिकर उचकटून दुसरीकडे चिकटवायचा प्रयत्नही होतो.

जुनं_पान_चाळीसगाव

पुस्तकांचं दोन भागांत बघा: वाचायची आणि जपायची. तुमच्या यादीत जपायची फार थोडी आहेत.

'बॉल फोर' १९७० चं, 'बॉइज ऑफ समर' १९७२ चं. दोन्हीच्या प्रती भरपूर खपल्या, म्हणून पहिली आवृत्ती आणि वरचं वेष्टन या दोन्ही गोष्टी एकत्र असतील तरच किंमत. प्रकाशनाच्या तपशिलाच्या पानावर आकड्यांची ओळ शोधा. त्यातला सर्वांत लहान आकडा म्हणजे कितवी छपाई. १ असेल तर पहिली. याला अपवाद आहेत आणि तेच नडतात. रँडम हाउस अनेक वर्षं पहिल्या छपाईला 'फर्स्ट एडिशन' असे शब्द छापून ओळ २ पासून सुरू करायचे. हार्पर अँड रोने, म्हणजे 'बॉइज ऑफ समर'च्याच प्रकाशकांनी, १९६९ नंतर काही वर्षं ही ओळ पुस्तकाच्या अगदी शेवटच्या पानाच्या तळाशी छापली. पुढच्या पानावर 'फर्स्ट एडिशन' बघून लोक खूश होतात, आणि शेवटच्या पानावर आकडा ४ निघतो.

बुक क्लबची प्रत ओळखायची तर वेष्टनाच्या आतल्या घडीवर किंमत आहे का बघा. नसेल, आणि कोपरा कापलेलाही नसेल, तर संशय घ्या. मग वेष्टन काढून मागच्या पुठ्ठ्याचा खालचा, शिवणीकडचा कोपरा तिरक्या उजेडात धरा. तिथे छोटा खोलगट ठिपका किंवा चौकोन दाबलेला दिसला तर ती क्लबची प्रत. वाचायला उत्तम, संग्रहाला नाही.

बिल जेम्स: १९७७ ते १९८१ चे अंक त्याने स्वतःच काढले, पहिल्याच्या जेमतेम ७५ प्रती खपल्या. १९८२ पासून बॅलंटाइनने छापायला घेतले आणि १९८८ ला तो सिलसिला थांबला. तुमचे ८४ आणि ८६ चे म्हणजे छापील, सहज मिळणारे. बिनधास्त वाचा, फक्त पूर्ण उलगडून पालथे ठेवू नका. त्या पेपरबॅकांचा पाठीचा डिंक आपल्या मे महिन्यात काचेसारखा ठिसूळ होतो आणि एकदा तडकला की पानांचे जुडगे सुटतात. नव्वद अंशांपेक्षा फार जास्त उघडायचं नाही.

मॅकमिलनच्या कोशाची पहिली आवृत्ती १९६९ ची, दहावी आणि शेवटची १९९६ ची. पहिली असेल तर जपा. मधलीच एखादी असेल तर आकडेवारीसाठी तिचा उपयोग नाही, कारण रेट्रोशीट आणि बेसबॉल-रेफरन्स या साइट फुकट आहेत आणि अद्ययावतही. शिवाय २०२४ च्या मे महिन्यात मेजर लीगने १९२० ते १९४८ च्या निग्रो लीगचे, म्हणजे कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या लीगचे विक्रम अधिकृत नोंदींत घेतले. त्या लीगचा जॉश गिब्सन कारकिर्दीच्या बॅटिंग सरासरीत टाय कॉबच्या वर गेला. जुन्या कोशात कॉबच पहिला आहे, आणि माझ्या मते तो कोश ठेवण्याचं खरं कारण तेच: त्या काळी कोणाला मोजत होते आणि कोणाला नाही, हे त्यात छापलेलं आहे. दोन हजारांवर पानांचं ते धूड उभं ठेवू नका, पानांच्या वजनाने पाठ निसटते. आडवं ठेवा, आणि त्यावर काही रचू नका.

इयरबुकांना पिना असतात. पिनेला गंज चढला असेल तर पुढच्या पावसाळ्यात तो कागदात उतरतो. बोथट सुरीने पाय सरळ करून पीन आतून काढा, पानं त्याच क्रमाने पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात घाला. नवी पीन मारू नका.

आणि कृपा करून कुठलंही पुस्तक बाइंडिंगवाल्याकडे नेऊ नका. तो कडा कापतो, मूळ पुठ्ठा फेकतो, आणि परत येते ती फक्त मजकुराची प्रत. खाकी कव्हर, सेलोटेप, चिकट प्लास्टिक, हे सगळं शाळेच्या वह्यांना ठीक.

तापीकाठ_रावेर

साठवणुकीवर कोणी नीट बोललेलं नाही. खान्देशात लोक उन्हाला घाबरतात, पण कागदाचा खरा शत्रू आपल्या घरातला वॉटर कूलर आहे.

मे महिन्यात दुपारी बाहेर ४५ अंश आणि हवेत दमटपणा वीस टक्क्यांच्या खाली. कूलर सुरू केला की बंद खोलीत तोच साठ-सत्तरवर जातो. रात्री वीज गेली किंवा कूलर बंद झाला की परत खाली. कार्ड हे एका पदार्थाचं नसतं. पुठ्ठा ओल पितो आणि फुगतो, वरचा चमकीचा किंवा वॉर्निशचा थर पीत नाही. म्हणून कार्ड कमानीसारखं वाकतं. १९९३ नंतरच्या चकाकत्या कार्डांत, खास करून १९९६ पासूनच्या टॉप्स क्रोममध्ये, हे सर्वांत जास्त दिसतं. जुनी साधी पुठ्ठ्याची कार्डं त्या मानाने सोशीक.

म्हणून पहिली खरेदी म्हणजे तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल मीटर. आर्द्रता ४० ते ५५ टक्क्यांत राहिली पाहिजे. ६५ च्या वर गेली की बुरशी, ३० च्या खाली गेली की कडा ठिसूळ.

जागा: वरचा मजला आणि पश्चिमेची भिंत सोडून द्या. माळ्यावर तर मुळीच नको. खालच्या मजल्यावर कोणी नातलग असतील तर आतल्या खोलीत, भिंतीपासून चार बोटं आणि जमिनीपासून वीतभर वर. गावाकडे धाब्याचं घर असेल तर त्याच्या मातीच्या जाड भिंतींमुळे आतलं तापमान फार हलत नाही. पण छतातून माती झिरपते आणि वाळवीचा भरवसा नाही, म्हणून तिथे ठेवायचं तर घट्ट झाकणाच्या डब्यातच. लोखंडी कपाट चालेल, फक्त कूलरच्या झोतात किंवा त्याच खोलीत नको.

पाकिटं: प्रत्येक चांगल्या कार्डाला आधी मऊ पातळ पाकीट, म्हणजे स्लीव्ह, मग कडक प्लास्टिकचं पाकीट, म्हणजे टॉपलोडर. साध्या जाडीच्या कार्डाला ३५ पॉइंटचा टॉपलोडर लागतो. एक पॉइंट म्हणजे इंचाचा हजारावा भाग. स्लीव्हशिवाय कार्ड टॉपलोडरमध्ये सरकवलं तर कोपरे घासतात. पोकेमॉन कार्डांचे स्लीव्ह आता ऑनलाइन सगळीकडे मिळतात, आकार जवळपास तोच, चालतात. यु-गी-ओ या पत्त्यांच्या खेळाचे घेऊ नका, ते अरुंद असतात. १९५२ चं कार्ड खरं निघालं तर त्याला या दोन्हींपेक्षा मोठे, जुन्या टॉप्सच्या मापाचे स्लीव्ह मागवावे लागतील, बळेच कोंबू नका. चार स्क्रूच्या जाड प्लेटांत कार्ड आवळूही नका, दाबाने कार्ड पसरतं आणि तेही 'बदललेलं' ठरतं.

अल्बम वापरायचा तर नऊ खणांची पानं पॉलिप्रॉपिलीनची हवीत. गोल कड्यांची फाइल आतल्या ओळीतल्या कार्डांवर वळ उठवते, डी आकाराच्या कड्यांची घ्या. स्टेशनरीच्या दुकानातली स्वस्त, वासाची, किंचित चिकट पानं बहुधा पीव्हीसीची असतात. गरमीत त्यातलं तेल सुटतं आणि छपाईच उचलून घेतं. शंका असेल तर घराबाहेर, मोकळ्या हवेत, ही चाचणी करा: तांब्याची तार पकडीत धरून लाल होईपर्यंत तापवा, प्लास्टिकच्या कोपऱ्याला टेकवा, परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर पीव्हीसी. धूर नाकात घेऊ नका.

कसर आणि झुरळासाठी डांबराच्या गोळ्या ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. इथे नको. त्यांची वाफ स्वस्त पॉलिस्टायरीनच्या डब्या मऊ करते आणि पुस्तकांचा वास कधी जात नाही. कडुनिंबाचा पाला ओला ठेवला तर ओल आणि डाग दोन्ही. पुस्तकात कसर लागलीच असेल तर ते झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा, डीप फ्रीझरमध्ये उणे १८ ला दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर पाणी धरतं. हे फक्त पुस्तकांसाठी. कार्डं आणि बॉल फ्रीझरमध्ये घालू नका.

डबे भरायची वेळ दिवाळी ते संक्रांत. तेव्हा आपल्याकडची हवा मध्यम कोरडी असते. ऑगस्टमध्ये डबा बंद केलात तर ऑगस्टची ओलच आत कोंडली जाते.

आउटफिल्ड_धुळे

सगळं पटलं, पण सिलिका जेलबद्दल लिहिलं नाहीत. मी तर बाराही महिने ठेवा म्हणेन.

तापीकाठ_रावेर

बाराही महिने नको, दादा. पावसाळ्यात जरूर ठेवा, दहा लिटरच्या डब्याला पन्नास ग्रॅम. पण आपल्या एप्रिल-मेमध्ये ते आत राहिलं तर आर्द्रता पंचवीसच्या खाली ओढतं आणि कार्डं उलट्या बाजूला वाकायला लागतात. केशरी रंगाचं घ्या, ओल प्यायलं की हिरवं होतं. निळ्यामध्ये कोबाल्ट असतं, घरात ते नको. परत वापरायला ओव्हनमध्ये ११०–१२० अंशांवर दोन तास. नुसत्या उन्हात पसरून ते पुरतं कोरडं होत नाही.

आउटफिल्ड_धुळे

बरं, मीटर लावून बघतो.

भुसावळ_जंक्शन

फार उपयोग झाला. सगळ्यांना धन्यवाद. १९५२ ची तिन्ही ८९ मिमी भरली, मागे पुनर्मुद्रणाची ओळही सापडली. सिगारेटवाल्यांपैकी एक जांभळ्या दिव्यात लखलखलं, दुसरं नाही. ग्रिफी सापडला, होलोग्राम हलतोय. फ्रँक थॉमसच्या चार प्रती निघाल्या आणि चारहीवर नाव आहे. 😅

दोन शंका. एक, १९९१ च्या गुळगुळीत कार्डांचा एक गठ्ठा वीट झाल्यासारखा चिकटलाय. सोडवू कसा? दोन, ग्रिफी ग्रेडिंगला अमेरिकेत पाठवावा का?

आउटफिल्ड_धुळे

गठ्ठा पात्याने किंवा नखाने सोडवू नका. तो झिपच्या पिशवीत सिलिका जेलसोबत आठवडाभर ठेवा. मग दोन्ही हातांनी गठ्ठा धरून, पत्ते पिसण्याआधी वाकवतात तसा, अगदी हलका इकडे-तिकडे वाकवा. 'टक' असा आवाज येऊन जी सुटतील ती घ्या. बाकीचा गठ्ठा परत पिशवीत, पुन्हा काही दिवसांनी. ओढून काढलं की एका कार्डाचा चेहरा दुसऱ्याच्या पाठीवर छापला जातो.

ग्रिफीसाठी आधी घरीच मोजा. डावी आणि उजवी किनार मिमीत मोजा. ३ आणि २ आली तर ते ६०–४०, आणि सर्वोच्च दहाच्या दर्जाला पीएसए ही ग्रेडिंग कंपनी पुढच्या बाजूला साधारण ५५–४५ पेक्षा जास्त तफावत चालवून घेत नाही. मग चारही कोपरे भिंगाखाली बघा, टोकाला पांढरा ठिपका दिसला तर दहा नाही. हे कार्ड हजारोंनी ग्रेड झालेलं आहे, त्यामुळे दहाच्या खाली गेलं तर जाण्या-येण्याचं कुरिअर आणि ग्रेडिंगची फी निघत नाही. परत येताना कस्टम लागू शकतं ते वेगळं, आणि भेटवस्तू लिहून सुटता येत नाही. पोस्टाने किंवा कुरिअरने येणाऱ्या भेटींची शुल्कमाफी डिसेंबर २०१९ मध्येच गेली, राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून.

त्या न चमकलेल्या चिमुकल्या कार्डाचे पुढून-मागून फोटो टाका, सपाट उजेडात, शेजारी पट्टी ठेवून. मागे कुठल्या सिगारेटची जाहिरात आहे ते आधी सांगा.

भुसावळ_जंक्शन

पीडमाँट. निळ्या शाईत. संध्याकाळी फोटो टाकतो.